रविवारची रीत आणि आप्पा

आमच्या गोल्फ क्लबचे हेडमाळी आप्पा ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, कधी चप्पल घालून गेले नाहीत. कडेला चप्पल काढायची आणि अनवाणी फिरायचं. राजारामपुरीतला दवाखाना सांभाळून मी चाळिशीत खेळायला लागले, तेव्हा माझा चेंडू भोक चुकवून हमखास खाली घरंगळायचा. आप्पा म्हणाले, "डॉक्टरबाई, नुसतं डोळ्यानं बघू नगासा. बूट काढा की. उतार पायाला कळतोय." मी बूट काढले, आणि खरंच कळला.

क्लब संस्थानकाळातला. भिंतीवर विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत. रीतीही तशाच जुन्या. त्यातली एक अशी, की रविवारी सकाळी बायकांनी खेळायचं नाही. मला तर रविवारच मोकळा. मी अर्ज केला. कमिटीसमोर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "ही पहिल्यापासूनची परंपरा आहे."

पाण्याच्या पंपाचं विचारायला बोलावलेले आप्पा दाराशी उभे होते. ते एकदम म्हणाले, "पहिल्यापासनं न्हाय, साहेब. मी नवा कामाला लागलो तवा मुलींच्या शाळेच्या हेडबाई यायच्या. दर रविवारी खेळायच्या. त्यांची बॅग मीच उचललीया."

"तुला कुणी विचारलं?"

"न्हाय विचारलं. पर खोटं कसं ऐकायचं?"

दुसऱ्या दिवशी आप्पांना ग्रीनवरून काढून फाटकावर बसवलं. मला तोंड दाखवायची लाज वाटली. ते मात्र म्हणाले, "बसलोय निवांत. तुम्ही अर्ज मागं घेऊ नगासा."

महिनाभरानं अडगळीच्या खोलीत एक जुना फोटो सापडला. नऊवारी नेसलेल्या हेडबाई, हातात स्टिक, खाली शाईनं लिहिलेलं: 'रविवारचा सामना'. मी तो कमिटीच्या टेबलावर ठेवला. आप्पा ग्रीनवर परतले आणि मी रविवारी खेळू लागले.

मोसमाचा पहिला फटका अध्यक्षांनी मारायचा, हीही आमची रीत. आप्पा निवृत्त झाले त्या वर्षी तो मान त्यांना मिळाला. त्याच ज्येष्ठांनी आपली स्टिक त्यांच्या हाती दिली. इतकी वर्षं या मैदानावर राबून आप्पांनी स्वतः कधी एकही फटका मारला नव्हता. ते अवघडले. मग डोळे मिटल्यासारखे करून त्यांनी फटका मारला. टाळ्या वाजल्या. सगळे चेंडूकडे बघत होते. आप्पा खाली बसले. फटक्यानं उखडलेलं गवत त्यांनी उचललं, जागेवर बसवलं, वरून हलकेच दाबलं आणि म्हणाले, "ह्याला जरा पाणी घाला."

चेंडू कुठं गेला, हे त्यांनी विचारलंही नाही.