मंगळवारी लाईन घालवणारे भाऊ

दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता भाऊ आमच्या आख्ख्या दवाखान्याची लाईन, म्हणजे वीज, घालवायचे. चुकून नव्हे, मुद्दाम. वाशीमच्या त्या दवाखान्यात मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होते आणि ते जनरेटर, पंप, ऑक्सिजन, लिफ्ट असं सगळं सांभाळणारे टेक्निशियन. शिरपूर जैनहून एसटीनं यायचे. नाव हजेरीपुरतं, सगळे भाऊच म्हणायचे, आणि मंगळवारी आणखीही बरंच काही म्हणायचे.

आधी वॉर्डावॉर्डातून सांगत फिरायचे, "दहा सेकंद लाईन जानार. मोजा." मग मेन स्विच खाली. कॉम्प्युटर बंद पडायचे, मॉनिटर बोंबलायचे, ओपीडीतले पेशंट त्याहून जास्त. एकदा मी वैतागून म्हटलं, "भाऊ, नुसतं जनरेटर चालू करून पाहा ना. आमचा जीव कायले घेता?"

"चालू होनं अलग अन् भार उचलनं अलग, सिस्टर. बैल उभा राह्यला म्हंजे गाडी वढली काय?"

लाल बोर्डावरून तर त्यांनी माझी इज्जतच काढली होती. बॅटरीवर चालणारे ते बोर्ड फक्त बाळांच्या यंत्रांसाठी. मी तिथं मोबाईल चार्जिंगला लावला. भाऊंनी तो उपसून सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवला. "हा बोर्ड लेकरायचा हाय. तुमचा मोबाईल मेला तं काई होत नाई." खरं सांगते, तो राग मी जपून ठेवला.

पुढे नवीन मॅनेजर आले. त्यांना दर आठवड्याचा हा गोंधळ नको होता. त्यांनी आमच्याकडून तक्रार लिहून मागितली, आम्ही दिली. तिसरी सही माझी. तेव्हापासून भाऊंना तोंडी हुकूम झाला: जनरेटर चालू करा, मेन स्विचला हात लावायचा नाही. भाऊ दोनदा मॅनेजरांच्या केबिनबाहेर ताटकळले, मग गप्प बसले. आम्ही म्हटलं, सुटलो बाई!

मे महिन्यातल्या एका दुपारी लाईन खरोखरच गेली. जनरेटर धडधडत सुरू झाला, पण वॉर्डात उजेड नाही. भार जनरेटरवर घेणारा स्विच अडकला होता. लाल बोर्डांच्या बॅटऱ्याही निकामी झालेल्या. चार मिनिटांत संपल्या. यंत्रावर श्वास घेणारी बाळं तीन, हातानं श्वास द्यायचा फुगा दाबायला आम्ही दोघी. खाली भाऊंनी हात भाजून घेत तो स्विच ओढून बसवला. लाईन आली तेव्हा तिसरं बाळ गेलं होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या एका बाईचं होतं ते. पाच दिवसांचं.

चौकशीत मला विचारलं, "चाचणी होत होती का?" मॅनेजर समोरच बसले होते. मी म्हटलं, "जनरेटर दर मंगळवारी चालू व्हायचा." शब्द न् शब्द खरा, आणि एवढं मोठं खोटं मी जन्मात बोलले नाही. भाऊंनी हुकमाचं सांगितलं, पण त्याला कागद नव्हता. आमच्या तक्रारीचा कागद कुणी बाहेर काढला नाही. हयगयीचा ठपका ठेवून त्यांना काढून टाकलं.

पंधरा दिवसांनी ते बसस्थानकावर दिसले. हाताला पट्टी, खांदे पडलेले. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"त्या लेकराच्या मायले भेटाले जाऊन राह्यलो," ते म्हणाले. "पाया पडतो तिच्या. म्या त्या मॅनेजरचं आयकलं काहून, सिस्टर? नोकरी गेली असती तं गेली असती, म्या स्विच खाली कराले पाह्यजे होता." मग म्हणाले, "एकट्याचा पाय उचलून नाई राह्यला. तुमी येता काय संग?"

"ड्युटी आहे, भाऊ."

"बरं," म्हणाले. माझ्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडे एकदा पाहिलं आणि मालेगावच्या बसमध्ये एकटेच चढले.

त्या दिवशी माझी सुट्टी होती.