काशीदची जांभळाची वाइन: चाखली सगळी, जेवले मात्र नाही

करंजाहून रेवसला जायचं तर आधी भरती-ओहोटी विचारून निघा, असं मागच्या खेपेला बजावलं होतं. विसरलात ना? विसरणारच. मला अक्षर येत नाही, म्हणून सगळं डोक्यात ठेवावं लागतं. तुमचं सगळं मोबाइलमध्ये, आणि मोबाइलचं चार्जिंग संपलेलं. मी बोलते आणि माझी नात श्रुती टाइप करते. या खेपेला तिला एकही शब्द गाळायची मुभा नाही, कारण गोष्ट तिचीच आहे.

श्रुतीनं मुलगा पसंत केला. निखिल नाव. काशीदच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी तो आणि त्याची आई जांभळाची, करवंदाची वाइन बनवतात. हे ऐकलं आणि माझा पाय घरात ठरेना. श्रुतीचा बाप, म्हणजे माझा मुलगा, दारूनंच गेला. पोरीला मी वाढवली, ती दारू गाळणाऱ्यांच्या घरात द्यायला?

"दारू नाही गं आजी, वाइन आहे."

"नाव बदललं की वास बदलतो काय?"

पण न बघता नाही तरी कसं म्हणू? म्हटलं, चल, बघूनच येऊ.

आता हे एक ध्यानात ठेवा. आमच्याकडे मुलगी दिली की तिला मूल होईपर्यंत तिच्या सासरी जाऊन आम्ही पाणीसुद्धा पीत नाही. म्हणजे मी तिथं खातेय-पितेय तोवर पोरगी अजून माझी.

उरणहून करंजा बंदरापर्यंत रिक्षा केली. श्रुतीनं भरती विचारली नव्हती, त्यामुळे समोर नुसता चिखल आणि लाँच खोळंबलेली. पलीकडे रेवसला उतरलात की अलिबागला शेअर रिक्षा मिळते, तिथून मुरूडची एसटी. शनिवार-रविवार टाळा, मुंबईच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो. एसटीत उजव्या हाताची खिडकी धरा, समुद्र त्या अंगाला आहे. माझं कुठलं समुद्राकडे लक्ष! दर थांब्याला उठून उभी राहत होते.

कंडक्टर म्हणाला, "आजी, बसा की. काशीद कुठं पळून जात न्हाय."

"काशीद न्हाय, पोरगी पळतेय," मी म्हटलं. श्रुतीनं तोंड खिडकीकडे वळवलं ते काशीदपर्यंत.

निखिलची आई सुलभाताई. तिनं दारातच पाणी आणलं. मी पूर्ण तांब्या संपवला आणि आणखी मागितलं. श्रुतीचा चेहरा उतरला.

घरामागच्या शेडमध्ये स्टीलच्या टाक्या, फरशी जांभळानं रंगलेली. एकेका टाकीतून डुबुक-डुबुक आवाज येत होता. तुम्ही गेलात तर आधी फोन करा, आणि रिकाम्या पोटी जाऊ नका. चार छोटे ग्लास चाखायला देतात.

निखिलनं पहिला घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बादलीत थुंकला. मी दचकले. "नासली काय रे?"

"नाही आजी, छान झालीय. मला दिवसभर चव बघावी लागते. प्यायला लागलो तर दुपारनंतर चवच कळायची नाही."

जांभळाची आधी आंबट लागते, मग जीभ तुरट होते आणि घशाशी ऊब येते. मीही थुंकून टाकली. करवंदाची थुंकवेना, ती गिळली. खोटं कशाला बोलू?

"दिवसा थुंकतोस. संध्याकाळी काय करतोस?"

"लग्नकार्य असलं तर एखादा ग्लास घेतो. घेतच नाही असं खोटं नाही सांगणार."

"आणि डोकं फिरलं की?"

तो रिकामे ग्लास गोळा करायला लागला. सुलभाताई हसली. "डोकं फिरलं की बाटल्या धुतो. तुम्ही येणार हे कळल्यापासून धुतोय. एक बाटली ऱ्हायली न्हाय."

भिंतीला छतापर्यंत बाटल्या पालथ्या घातलेल्या, लख्ख. मी त्याचे हात बघितले. बोटं भिजून भिजून सुरकुतलेली.

माझा मुलगा डोकं फिरलं की बाटली उघडायचा.

मी शेडमधून अंगणात आले, परत आत गेले, परत बाहेर आले. तेवढ्यात पानं वाढली. तांदळाच्या गरम भाकऱ्या, जवळ्याची चटणी, कच्च्या करवंदाचं लोणचं. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. वास घेतला आणि ताट पुढं सरकवलं.

"मी न्हाय जेवणार."

सुलभाताईचा भाकरीचा हात हवेतच राहिला. "काय चुकलं का आमचं?"

"न्हाय. आता पाणी पण नको मला."

तिनं भाकरी खाली ठेवली; रीत तिलाही ठाऊक होती. मग माझ्याशेजारी बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

निखिल म्हणाला, "आजींना भूक नाही का?"

"गप बस रे तू," श्रुती म्हणाली. हसत होती की रडत होती, तिलाच ठाऊक.

परतताना रेवसच्या धक्क्यावर दोन वडापाव खाल्ले. इतके गोड वडापाव मी जन्मात खाल्ले नसतील.

घरी आले तरी पाय ठरलेला नाही. शेजारीण म्हणते, एका बादलीवर भुलून मुलगी दिलीस. असेल. मला अजून ती सुरकुतलेली बोटं दिसतात, आणि मुलाचीही दिसतात. बरोबर केलं की चुकले, ते पुढं कळेल. तोवर मी अशीच अंगणात येरझाऱ्या घालणार.

सुलभाताई, म्हणजे आता विहीणबाई, श्रुती तुम्हाला हे वाचून दाखवेल. तुमच्या घरात जेवायचं नाही, ही रीत. तुमचा डबा माझ्या घरात उघडायचा नाही असं कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही, आणि माझी आठवण पक्की आहे. तेव्हा ती जवळ्याची चटणी, चार भाकऱ्या आणि करवंदाचं लोणचं निखिलच्या हाती पाठवा. भरती विचारून निघ म्हणावं. बाटली नको.