नानांचं लिव्हर आणि बांधावरची गुळवेल

मंडळी, आज मला माझ्या वडिलांची माफी मागावी लागली.

महिन्यापूर्वी नानांच्या रक्ततपासणीत लिव्हरचा एसजीपीटी नावाचा आकडा बराच वाढलेला आला. घरात सगळ्यांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं, मीसुद्धा. परवा पुन्हा तपासलं, तर आकडा आणखी चढलेला.

म्हणून आज धरणगावहून जळगावला डॉक्टरांकडे गेलो. दारूचं विचारताच नाना तडकले, "जल्मात हात लावेल नही."

"बरं," डॉक्टर म्हणाल्या, "मग रोज पोटात काय काय जातं ते सांगा."

चहा, भाकरी, केळी. आणि सकाळी ग्लासभर गुळवेलीचा काढा. पहिल्या रिपोर्टनंतर दोन ग्लास, लिव्हर साफ व्हावं म्हणून. दुसरा ग्लास मीच हातात देत होते.

मी विचारलं, "नाना, हे आधी का नाही सांगितलं?"

"ती काय दवाई शे? बांधवरनी वेल शे ती."

डॉक्टर म्हणाल्या, या काढ्याने काहींच्या लिव्हरला सूज येते. यांचं कारण तेच असेल असं आत्ताच म्हणता येणार नाही. काढा बंद करा, सोनोग्राफी आणि काविळीच्या तपासण्या करू, पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त बघू.

गावात उतरल्यावर नाना घरी आलेच नाहीत. गल्लीत ज्यांना ज्यांना त्यांनी वेल कापून दिली होती, त्यांच्या दारोदार फिरतायत आणि विचारतायत, "डॉक्टरले काढानं सांगेल शे का?"

तुम्ही सांगितलंय?