छप्पन्नावा फर्मा

बाइंडरला पुस्तकं बाहेरून कळायची. कुठलं पाठीत मोडलंय, कुणाची शिवण सैल झालीय, कुणावर चहाचा कप टेकवलाय, हे तो हातात घेतल्या घेतल्या सांगायचा. आत काय लिहिलंय ते मात्र त्याला विचारू नये. वाचनालयाच्या मागच्या खोलीत खळ, दाभण आणि दोऱ्यात छत्तीस वर्षं काढून या गृहस्थाने एकही पुस्तक पुरतं वाचलेलं नव्हतं. चौथीत शाळा सोडली ती सोडलीच. वाचायला बसला की बोट ओळीवर, ओठ हलतायत, आणि जोडाक्षर आलं की गाडी रुतली.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ताई एकोणीसची. तिने त्याला वाढवलं, आणि त्या नादात तिचं लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कुणी विचारलंही नाही. बाइंडर आता साठीला आला होता, दारातून आत शिरताना खांदे तिरके करावे लागत एवढा रुंद झाला होता, तरी ताईच्या तोंडी तो ‘बारक्या’च होता.

थंडी सुरू झाली आणि ताईने अंथरूण धरलं. डोळे आधीच गेले होते. डॉक्टरांनी बाइंडरला जिन्यात गाठून सांगितलं, “दोन महिने. फार तर.”

त्याच आठवड्यात त्याच्या टेबलावर एक धूड येऊन पडलं. जवळजवळ नऊशे पानांची कादंबरी. चारशे वर्षांपूर्वीच्या परमुलखातली, तलवारी, जहाजं, कुरळ्या केसांचे टोप घालणारे सरदार आणि तीस वर्षं न संपणारं युद्ध. पाठ पार उसवलेली. ताईला भरवता भरवता काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला.

“आज एक आलंय, उचलताना मनगट दुखलं.”

“कव्हरवर जहाज आहे?” ताईने विचारलं.

“होतं. निम्मं उंदरांनी खाल्लंय.”

ताई उशीवरून अर्धी उठली. “अरे, ते मी वाचत होते! आपल्या वाचनालयातूनच आणलं होतं. वाद्यं बनवणाऱ्याचा मुलगा घर सोडून जातो आणि मागे त्याची बहीण खिडकीशी बसून लेस विणत राहते. तीनशे पानं झाली होती माझी.”

“मग?”

“मग काय? आई गेली. परत केलं पुस्तक.” ती जराशी हसली. “तू पाच वर्षांचा. तुझ्यामागे धावू का त्या पोरामागे? तो घरी पोचतो की नाही, ते राहूनच गेलं बघ.”

बाइंडरने तिच्यासाठी उचललेला घास परत ताटात ठेवला. पंचावन्न वर्षं हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्यासाठी तिने काय काय सोडलं याची यादी त्याच्या मनात होती, पण त्यात हे पुस्तक नव्हतं.

दुरुस्तीला आलेलं पुस्तक घरी न्यायचं नाही, हा नियम त्याने छत्तीस वर्षांत कधी मोडला नव्हता. पण शिवण उसवली की पुस्तकाचे फर्मे होतात. एकेक फर्मा म्हणजे घडी घातलेली सोळा पानांची जुडी. ती डब्याच्या पिशवीत सहज मावते. या पुस्तकाचे फर्मे होते छप्पन्न आणि डॉक्टरांनी दिले होते साठ दिवस. बाइंडरने दुसऱ्या दिवशी पहिला फर्मा पिशवीत टाकला.

रोज संध्याकाळी पाचला घरी आला की हातपाय धुऊन तो ताईच्या खाटेशी स्टूल ओढायचा. पहिल्या दिवशी सोळा पानांना अडीच तास लागले. त्या परक्या नावांनी तर त्याला रडकुंडीला आणलं. शेवटी ताईनेच तोडगा काढला. नावं सोडून द्यायची. मग त्या गोष्टीत एक लांबनाक्या आला, एक मोत्यांची बाई आली, पावडर लावून शिंकणारा सरदार आला, आणि कथानायक नुसता ‘आपला पोरगा’ झाला. आपला पोरगा तुरुंगातून पळाला तेव्हा ताईने टाळी वाजवली. सोनेरी मुलामा दिलेल्या देवदूतांच्या चर्चमध्ये ऑर्गन घुमत असताना लांबनाक्याने त्याला पाठीत सुरा मारला, त्या रात्री दोघंही नीट जेवले नाहीत.

ग्रंथपाल बाई दर सोमवारी मागच्या खोलीत डोकावायच्या. “काका, ते जहाजाचं पुस्तक?”

“खळ वाळायचीय बाई.”

“महिना झाला!”

“थंडी आहे ना.”

बाई काही दुधखुळ्या नव्हत्या. पण काकांची बहीण आजारी आहे एवढं त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या मान हलवून निघून जायच्या.

पन्नास फर्मे झाले तेव्हा ताईचं खाणं सुटलं होतं. गोष्ट मात्र सुटली नव्हती. “पोचेल का रे?” ती रोज विचारायची, आणि बाइंडर म्हणायचा, “उद्या कळेल.” चोवीस वर्षं भटकून आपला पोरगा आपल्या गावच्या बंदरात उतरला, तिथे पंचावन्नावा फर्मा संपला. त्या रात्री ताईला दम लागला. पहाटे ती म्हणाली, “संध्याकाळचं आत्ताच वाच.”

शेवटचे दोन फर्मे त्याने एकदमच आणले होते, त्यामुळे छप्पन्नावा घरीच होता. त्या दिवशी बाइंडर कामावर गेलाच नाही. स्टूल ओढलं, घडी उघडली, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

‘हगवण, १४२. हाड मोडणे, ३०७. हिरड्या सुजणे, ८८. हिवताप, २११.’

त्याने पान उलटलं. आडवी रेघ आणि औषधी वनस्पतींची नावं. पुढचंही पान तसंच.

मग त्याला आठवलं. वीस वर्षांपूर्वी हे पुस्तक त्यानेच शिवलं होतं. त्याच दिवशी घरगुती औषधांचा एक ठोकळाही टेबलावर होता. छापखाना एक, कागद एक, आकार एक, आणि फर्मेही छप्पन्नच. वाचणारा माणूस मजकूर जुळवून बघतो. बाइंडर फर्म्याच्या तळाला छापलेला आकडा बघायचा. छप्पन्नच्या जागी छप्पन्न होता, तो शिवून मोकळा झाला. वीस वर्षांत कुणी तक्रारही केली नव्हती, म्हणजे शेवटापर्यंत कुणी पोचलंच नसावं.

“वाच ना रे,” ताई म्हणाली. “उतरला बंदरात. मग?”

बाइंडरने हिवतापावर बोट तसंच ठेवलं आणि तोंड उघडलं.

आपला पोरगा बंदरातून चालत निघाला, तो म्हणाला. गाव बदललं होतं, पण गल्ली तीच होती. घर तेच. दाराची कडी नुसती ओढून निघायची नाही, जरा वर उचलून ढकलावं लागायचं, ते त्याच्या हाताला अजून आठवत होतं. आत खिडकीशी बहीण बसली होती. केस पांढरे झालेले. वर न बघताच ती म्हणाली, पाय पुसून ये. मग तिने त्याला गरम काहीतरी वाढलं, आणि तो जेवत असताना शेजारी बसून राहिली. तो म्हणाला, मला फार उशीर झाला. ती म्हणाली, खा आधी.

बाइंडरने घडी मिटली. “संपलं.”

ताईच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी उशीवर आलं होतं. मग ती म्हणाली, “आज अजिबात अडखळला नाहीस रे बारक्या.”

“सवय झाली आता,” तो म्हणाला. त्याला ते बोलणं शाबासकीसारखं वाटलं, आणि शाबासकी खोटी घेतली म्हणून लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने तोच शेवट पुन्हा वाचायला लावला. या खेपेला बाहेर पाऊस लागला होता आणि बहिणीने पोराचं डोकं पुसून दिलं. पाऊस काल नव्हता, पण ताई त्यावर काही बोलली नाही. “छान लिहिलंय,” एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

बाइंडर पंधरा दिवसांनी कामावर आला. औषधांचं पुस्तक कुणा वाचकाकडे अडकलं होतं. बाईंनी दोन निरोप धाडल्यावर ते आलं. बाइंडरने दार लोटून घेतलं आणि पात्याने शिवण उसवली. हिवतापाच्या जागी वीस वर्षं तो पोरगा बंदरात थांबलेला होता.

बोट ओळीवर ठेवून तो मोठ्याने वाचायला लागला. दुसऱ्याच ओळीत जोडाक्षर आलं, गाडी रुतली. मागे जाऊन पुन्हा धरलं. चौथ्या ओळीत परत. पोरगा घरी पोचतो, घराला कुलूप असतं. शेजारीण लेसची एक कॉलर आणून देते आणि सांगते, गेल्या हिवाळ्यापर्यंत वाट पाहिली तिने.

इथे बाइंडर थांबला. सोळा पानांना अडीच तास लागावेत असा त्याचा आवाज त्याच्याच कानावर पडत होता. छप्पन्नातले पंचावन्न दिवस ताईने हाच आवाज ऐकला होता. छप्पन्नाव्या दिवशी मात्र तो एकदाही अडखळला नव्हता. तिला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. कळूनही तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागितलं होतं.

तो टेबलावर डोकं टेकून रडला. खळीचं भांडं लवंडलं, ते त्याने मागाहून पुसलं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही पुस्तकं शिवून झाली, ज्याचा शेवट त्याला. त्याने जहाजाचं पुस्तक बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. बाईंनी पाठीवरून हात फिरवला.

“मी लहानपणी अर्धंच वाचलं होतं हे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वाचलंत वाटतं काका? काय होतं हो शेवटी? पोचतो का तो?”

“पोचतो.”

“आणि बहीण? असते ना घरी?”

बाइंडरने पिशवी खांद्याला लावली. आज पिशवीत नुसता डबा होता.

“असते,” तो म्हणाला.