बैलाला बांधलेला फेटा

शिरूरच्या जनावरांच्या प्रदर्शनात आप्पानं मला फसवलं. माझ्या डोक्याचा फेटा माझ्या बैलाला बांधला. आणि मी हसलो. त्यानं फसवलं हे मी चारचौघांत सांगत आलोय. मी हसलो हे आज पहिल्यांदा लिहितोय.

आप्पा म्हणजे प्रदर्शनाच्या कमिटीचा अध्यक्ष. भीमेकाठची बागायत, सोसायटीतली खुर्ची, तालुक्यात शब्दाला वजन. तोंडावर मी त्याला 'तुम्ही'च म्हणत आलो. इथं म्हणणार नाही.

मी दौंडच्या गुरांच्या बाजारात दलाली करायचो. आमचं घर पूर्वीच्या महारवाड्यातलं. मी लहान असताना आम्ही बौद्ध झालो, आणि आबांनी, म्हणजे माझ्या बापानं, मेलेली गुरं ओढायचं त्या दिवशी सोडलं. मोठा झाल्यावर मी जिवंत गुरांत शिरलो. दात बघून वय ओळखायचं, चाल बघून खोड, आणि मालकाचं तोंड बघून त्याची नड. एवढीच माझी शाळा.

बहात्तरच्या दुष्काळात केडगावकडच्या एका छावणीतून मी एक खोंड आणलं. नुसत्या बरगड्या. देणारा म्हणाला, "ने बाबा. माझ्या डोळ्याम्होरं मरायला नको." माझ्या ताटातली भाकरी मोडून मी ते वाढवलं. तीन वर्षांनी तेच खोंड शिरूरच्या मैदानावर खिलारात पहिलं आलं.

पहिला नंबर येईल त्या जनावराच्या मालकाला अध्यक्षानं स्वतःच्या हातानं फेटा बांधायचा, अशी तिथली रीत. आमच्याकडं फेटा म्हणजे नुसतं कापड नाही. दौंड स्टेशनात उतरलेला गडी घोडनदीकडचा की भीमेकडचा, हे जुनी माणसं फेट्याच्या वळणावरून सांगतात. आबांनी जन्मभर डोक्याला एक फडकं गुंडाळलं, आणि पाटील समोरून आला की तेही काढून काखेत धरलं. म्हणून त्या दिवशी मी त्यांना मुद्दाम बरोबर घेतलं. बैल ट्रकनं पुढं पाठवला होता; एसटीत मी त्यांना सांगितलं, "आबा, पहिला नंबर आपलाच. आज आप्पा तुमच्या पोराला फेटा बांधणार."

"सोताच्या हातानं?"

"व्हय."

आबांनी माझ्या डोक्याकडं बघितलं. मग म्हणाले, "डोक्याला तेल लई न्हाई ना लावलंस? त्यांच्या हाताला लागंल."

मी रुमालानं डोकं पुसून घेतलं. हेही लिहून ठेवतो.

बक्षिसाच्या आधी आप्पाचं भाषण झालं. लाऊडस्पीकरवरून. "फेटा ही ह्या मातीची शान हाय. ह्या मुलखात जो जन्मला त्याच्या डोक्याला फेटा शोभतो. मग तो कुनी का आसंना." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग माझं नाव पुकारलं. बैलाचा कासरा धरून मी पुढं गेलो. ताटात केशरी फेटा होता. आप्पानं तो उचलला, घडी मोडली. एकदा माझ्या डोक्याकडं बघितलं. एकदा पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या भाऊबंदांकडं बघितलं. मी डोकं वाकवलं. त्यानं सांगायच्या आधी वाकवलं.

वरून आप्पाचा आवाज आला, "आरं, नंबर तर बैलाचा आलाय. ह्याला कशाला? बांधा त्याच्या शिंगाला."

माइक चालू होता. सगळं मैदान हसलं. कमिटीच्या एका माणसानं फेटा शिंगांना गुंडाळला. आप्पानं माझ्या ओंजळीत नारळ टाकला. ठेवला नाही, वरून टाकला. मग मी डोकं वर केलं आणि हसलो. दात दाखवून. वर म्हणालो, "बराबर हाय आप्पा. त्योच जितलाय."

त्या मैदानावर एकच माणूस हसला नव्हता. आबा उभे होते. डोकं उघडं, फडकं काखेत.

बैल ट्रकमध्ये चढवल्यावर आबांनी शिंगांचा फेटा सोडला. शिंगांना लावलेला तांबडा हिंगूळ त्याला जागोजागी लागला होता. त्यांनी तो झटकला, घडी घातली आणि विचारलं, "तू का हसलास रं?"

मी ओरडलो. "मला धंदा करायचाय. तुमाला काय कळतंय त्यातलं?"

बापावर ओरडलो. भडक डोक्याचा म्हणून बाजारात माझं नाव होतं. कुणावर भडकायचं, हे त्या डोक्याला बरोबर कळत होतं.

पुढच्याच बाजाराला आप्पा आला. त्याला बैल पाहिजे होता. पहिल्या नंबराचं जनावर दुसऱ्याच्या दावणीला राहिलेलं त्याला बघवत नव्हतं.

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवतालच्या माणसांना फक्त कापड हललेलं दिसतं. आप्पा म्हणाला, "टाक रुमाल." माझ्या खांद्यावर त्या दिवशी रुमाल नव्हता, तोच फेटा होता. मी तो हातावर पसरला. हिंगुळाचे डाग वर आले. त्याला काही ओळख पटली नाही. त्यानं आत हात घातला आणि माझी बोटं धरली.

जाडजूड हात. घामानं ओला. बोटात अंगठी. माझं एकेक पेर तो दाबत होता, आणि मला एकदम कळलं. हा हात सहा वर्षं माझ्या हातात येतोय. दर सौद्याला. कापडाखाली ह्याला माझा विटाळ नाही. उघड्यावर माझ्या डोक्याला कापड लावायचं म्हटलं की आहे. आणि सहा वर्षांत हे मला दिसलं नाही, कारण माझं सगळं ध्यान भावाकडं होतं. दुसऱ्याची नड तोंडावरून वाचणारा मी, मला माझी लाज वाचता आली नाही.

मी डाव्या हातानं फेटा ओढून काढला. त्याचा हात माझ्या हातात, भर उन्हात. माणसं बघायला लागली. तो हिसडा मारायला लागला. मी सोडला नाही.

"आरं काय करतूस? कापड टाक वर."

"भाव उघड्यावर सांगतो आप्पा. शिरूरच्या त्याच मैदानावर, त्याच भोंग्याम्होरं, ह्याच हातानं ह्यो फेटा माझ्या डोक्याला बांधा. आन् बैल फुकट न्या."

"डोकं फिरलंय तुझं."

"फिरलं आसंल. भाव त्योच हाय."

त्यानं जोर लावून हात सोडवून घेतला. आणि धोतराला पुसला. सगळ्यांदेखत. सहा वर्षांत कापडाखालून काढलेला हात त्यानं कधी पुसला नव्हता. मागं कुणीतरी हसलं. ह्या वेळी मी हसलो नाही.

त्यानंतर कितीतरी बाजार कुणी माझ्या रुमालाखाली हात घातला नाही. आप्पाचा शब्द तालुकाभर चालतो. मी कडब्याच्या गाड्या भरल्या, दौंड स्टेशनात हमाली केली. बैल विकला नाही. तो आजही माझ्या दारात आहे. आबा पुढच्या वर्षी गेले. मी का हसलो, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

भ्यालो होतो आबा. म्हणून हसलो. बाजारातून उठवतील म्हणून भ्यालो. एवढंच होतं.

आप्पा अजून अध्यक्ष आहे. दर प्रदर्शनाला फेट्यावरचं तेच भाषण करतो. ह्या साली मी जाणार आहे. बैल नेणार नाही. पहिल्या रांगेत उघड्या डोक्यानं बसणार. फेटा मांडीवर, हिंगुळाचे डाग वर. तो म्हणेल, ह्या मुलखात जो जन्मला त्याच्या डोक्याला फेटा शोभतो. तेव्हा माइक चालू असतानाच मी उठेन आणि विचारेन, आप्पा, मग मी कुठं जन्मलो?

मी का हसलो, ह्याचा जाब मी इथं दिला. आता तू दे, आप्पा. दिल्याशिवाय मी खाली बसणार नाही.