नळावरची पालक

बाबा गेले तेव्हा ताई सोळा वर्षांची होती. ती धम्मदीक्षेच्या वर्षी, छप्पन साली जन्मलेली, त्यामुळे तिचं वय अख्ख्या वस्तीला तोंडपाठ. मी अकराची, धाकटी सातची. आई धाकटीच्या बाळंतपणातच गेली होती, म्हणजे मागे उरण्याच्या कामाचा आम्हाला थोडा अनुभव होता.

बाबा मिलमध्ये होते. छातीच्या दुखण्यानं सहा महिने खाटेवर पडले आणि संपले. नातेवाईक आले, चहा प्यायले, या पोरींचं आता कसं व्हायचं, असं एकमेकांना विचारून निघून गेले. एक काका तेवढे मागे रेंगाळले. आम्हाला वाटलं, हे काहीतरी करतील. त्यांनी बाबांची सायकल आठवण म्हणून मागितली आणि तिच्यावर बसून गेले.

ताईनं शाळा सोडली आणि घरी बसून विड्या वळायला घेतल्या. आम्ही दोघींनी मात्र रोज शाळेत जायचं, ताप असला तरी, असा तिचा हुकूम होता. शाळेतल्या बाईंनीच मला सांगितलं की आईबाप नसलेल्या मुलांना सरकार महिन्याला मदत देतं. ताईनं आमच्या डोक्यावर तेल थापलं आणि आम्हाला शहरातल्या सदर भागात सरकारी कचेरीत नेलं. आम्ही गरीब दिसावं, पण घाणेरडं दिसू नये, याची तिला फार काळजी होती.

कारकुनानं अर्ज उलटसुलट पाहिला आणि पालकाची सही कुठं आहे, असं विचारलं. ताई म्हणाली, घरात मीच मोठी. तो म्हणाला, तू अठराची नाहीस, एखादा मोठा माणूस घेऊन ये.

"मोठा माणूस असता तर आम्ही इथं कायले आलो असतो?" ताईनं विचारलं.

त्यानं खरोखर विचार केला. "तुह्यं बराबर आहे," तो म्हणाला, "पण फारमात तशी जागा नाही."

मग त्यानं दुसरा उपाय सांगितला. धाकट्या दोघींना बालगृहात ठेवायचं आणि ताईची सोय दुसऱ्या गावी करायची. ताईनं त्याच्या हातातून अर्ज काढून घेतला आणि आम्हाला बाहेर आणलं.

रस्त्यात धाकटी म्हणाली, "ताई, पालक तर बाजारात भेटते ना? घेऊन जाऊ एक जुडी." ताई फुटपाथवर खाली बसून हसायला लागली. मग तिचं हसणं थांबलं, तरी ती बराच वेळ उठेना. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो.

आमच्या शेजारी एक बाई राहायची. विधवा, मूलबाळ नाही, मिलच्या सूतखात्यात कामाला. तंबाखू खायची आणि सकाळी नळावर ताईशी भांडायची. आई असताना आईशी भांडायची, आई गेल्यावर बाबांशी भांडून पाहिलं, पण ते उत्तर देत नसत म्हणून कंटाळली. वस्तीत भिंती पातळ, त्यामुळे अर्जाची गोष्ट तिला कळली होतीच. दुसऱ्या दिवशी ती दारात आली.

"आण वं तो फारम."

"तुम्ही आमच्या कोण लागता?" ताईनं विचारलं.

"कोणीच नाही. पण सही येते मले. रात्रीच्या वर्गात शिकली मी."

नात्याच्या रकान्यात आम्ही 'मावशी' लिहिलं. तिची सही एवढी मोठी झाली की चौकटीबाहेर गेली.

आता घर पाहायला सरकारी बाई येणार होत्या. ताईनं आम्हाला पढवलं होतं: मावशीशी गोड बोलायचं, तिच्या पदराला धरून उभं राहायचं. पण बाई न कळवता आल्या, आणि त्याही नळाच्या वेळेला. मावशी ताईच्या पाण्याच्या भांड्याकडे हात करून ओरडत होती, "तुह्या गुंडीले भोक आहे काय वं, सकाळपासून भरूनच राहिली." ताईही मागे नव्हती. बाई छत्री टेकून सगळं ऐकत होत्या. ताईनं त्यांना पाहिलं आणि गुंडी नळाखालून बाजूला ओढली.

या कोण, असं बाईंनी धाकटीला विचारलं. "मावशी," धाकटी म्हणाली, "आज कमी शिव्या देऊन राहिली."

बाईंनी मावशीलाच विचारलं, रोज असंच चालतं का?

"रोज," मावशी म्हणाली. "घरची आहे म्हणून भांडते. परक्याशी भांडायले कोणाले वेळ आहे?"

बाईंनी काहीतरी लिहिलं. मग घरात आल्या, डब्यांची झाकणं उघडून पाहिली, माझी गणिताची वही चाळली आणि एक चूक काढून गेल्या. ताई दिवसभर जेवली नाही. पण मंजुरी आली. यायला पावसाळा आणि हिवाळा दोन्ही गेले. मनीऑर्डर आली की मावशी सही करायची, नोटा न मोजता ताईच्या हातात द्यायची आणि लगेच कशावरून तरी भांडण काढायची.

ताई अठराची झाली आणि सदरला जाऊन तिनं पालक म्हणून स्वतःचं नाव लावून घेतलं. त्यानंतर मावशी आठ दिवस गप्प होती. नळावर ताईला पुढं जाऊ द्यायची. आम्ही घाबरलो. नवव्या दिवशी ताई तिच्या घरी गेली, मागोमाग आम्हीही.

"मले विचारलं काहून नाही?" मावशी भिंतीकडे पाहत म्हणाली.

ताईनं समजावलं की कायद्यानं आता मला करता येतं, तुमचा त्रास वाचावा म्हणून केलं. मावशीनं त्रासाबद्दल कोणी तक्रार केली होती का, असं विचारलं.  ताई तिथंच चुलीपाशी बसली आणि मावशीची उरलेली भाकरी खायला लागली. मावशीनं तिच्या ताटलीत चटणी वाढली.

ताईनं आम्हा दोघींना नोकऱ्या लागेपर्यंत लग्न केलं नाही. केलं तेव्हा काका हजर होते, आईबापांच्या जागी बसायच्या तयारीनं. पण तिथं मावशी आधीच बसली होती, नवं लुगडं नेसून, आणि उठायचं नाव घेत नव्हती.