फिक्स काचेमागचा दत्तू

साल दोन हजार चोवीस. दत्तू एक्क्याऐंशीचा होता, मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. तो गेल्याचं मला कुणी येऊन सांगितलं नाही, मी माझ्या खिडकीतून पाहिलं. गल्लीपलीकडं त्याच्या खोलीत माणसं जमली होती. सुनेनं तोंडावर पदर धरला होता, मुलगा खाटेवर वाकला होता... अन् आवाज कशाचाच नाही. डबल काचेतून रडणंसुद्धा बाहेर येत नाही. माझे गुडघे गेलेले, जिना उतरवत नाही. विजय, माझा मुलगा, म्हणाला, खुर्चीत बसवून खाली नेतो. मी नाही म्हटलं. चौघांनी मला उचलायचं ते एकदाच. मग गज धरून तिथूनच पाहत राहिलो, त्याला बाहेर काढेपर्यंत.

तात्यापाऱ्यातली आमची गल्ली इतकी अरुंद, की वरच्या मजल्यावरच्या आमच्या दोघांच्या खिडक्या एकमेकींच्या तोंडात बोलतात. दत्तूची उमर सिलतऱ्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये गेली, माझी पंडरीच्या कापडबाजारात तागे उलगडण्यात. मी चौथीपुढं शाळा पाहिली नाही हे आधीच सांगतो, शुद्धलेखनाला कुणी हसू नये. म्हातारपणी त्याचं कमरेचं हाड मोडलं, माझे गुडघे बसले, अन् दोघंही वरच अडकलो. तेव्हापासून रोज सकाळी मी सुपारी कातरायचो, बांबूला बांधलेल्या पळीत ठेवायचो अन् गजांमधून त्याच्याकडं सरकवायचो. तो उचलून म्हणायचा, "काहून बे नारू, आज जाड कातरली? दात तुह्या बापानं दिले का मले?" ती पळी म्हणजे आमचं येणं-जाणं होतं.

मग त्याच्या मुलानं खिडक्या बदलल्या. कारण खोटं नव्हतं. लाकडी पल्ले वाकलेले, सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ रोज फटीतून चादरीवर, उन्हाळ्यात खोलीची भट्टी, अन् एसीची थंडी सगळी गल्लीला. नव्या चौकटीत दोन-दोन काचा, मधात कोंडलेली हवा, कडेनं रबर. दत्तूचा खोकला कमी झाला. एसी थोडा वेळ चालवला तरी खोली गार राहू लागली. सगळं कबूल. पण खिडकीची अर्धी बाजू सरकणारी, जाळीची, अन् अर्धी फिक्स, कधीच न उघडणारी... ती फिक्स नेमकी माझ्यासमोर आली. सरकणारी बाजू आमच्या कोऱ्या भिंतीसमोर गेली, तिथं पळी पोचत नाही. पहिल्या दिवशी सवयीनं पळी सरकवली, ती काचेवर टक्‌ वाजून थांबली. सुपारी खाली नालीत.

त्याची सून माधुरी म्हणाली, "काका, फोनवर बोला ना." तिनं लावून दिला. मी विचारलं, "जेवला का?" म्हणे, "हव." "झोप येते का?" "हव." "गधा आहेस का बे?" "हव." मी फोन ठेवून दिला. इकडं विजय इथल्या हिंदीत मागं लागला, "बाबा, अपने यहाँ भी यही लगवा लेते हैं, कितनी गर्मी है." म्हटलं, "मले डब्यात बंद करून राहिला का? मी आहे तोवर हे पल्ले राहतील." अन् मी माझ्या भट्टीत बसून राहिलो, तो त्याच्या गारव्यात.

राग कुठं काढणार? काचेकडं तोंड करून त्याला शिव्या देऊ लागलो. ऐकू तर जात नव्हतं. "बरणीतल्या लोणच्या!" म्हणायचो, तो पोट धरून हसायचा. वाटायचं, म्हातारा उगाच हसून राहिला. तोही काहीबाही बोलायचा, ते मला कळायचं नाही. हळूहळू शिव्या संपल्या अन् दुसरंच निघू लागलं. एका दुपारी, विजयलाही कधी सांगितलं नाही ते त्या काचेला सांगून बसलो... "दत्तू, घरचे कामावर गेले की मी एकटा. इथं पडलो तर संध्याकाळपर्यंत कोणाले समजणार नाही. मले भेव वाटते बे." त्यानंतर दत्तू दुपारी झोपेनासा झाला. खुर्ची काचेला लावून बसायचा. मी म्हटलं, एसीनं याची झोप बिघडवली.

जाण्याआधी एकदा तो पुष्कळ वेळ बोलला. माझ्याकडं बोट दाखवून, मधात हसून... मला एक शब्द कळला नाही. मी मान हलवली, "हव" म्हटलं.

तेरवीच्या दिवशी माधुरी जेवणाचा डबा घेऊन वर आली. मी बोललो, "पोरी, त्या काचेनं आमचं बोलणं तोडलं." ती डबा ठेवता ठेवता थांबली. "नाही काका... बाबूजींना दोन वर्षांपासून काहीच ऐकू येत नव्हतं. मिलच्या आवाजात सगळे ओठ पाहूनच बोलतात ना, तीच आदत होती. फोनवर तर काय, नुसतं हव-हव. नारूला सांगू नका म्हणत, जन्मभर चिडवेल." तिनं खिडकीकडं बोट केलं. "कारीगर तर सरकणारी बाजू इकडंच, तुमच्यासमोर लावून राहिला होता. बाबूजी अडून बसले. म्हणे, जाळीतून नारू धुरकट दिसते, मले त्याचं तोंड साफ दिसलं पाहिजे." मग पदराशी खेळत म्हणाली, "अन् दुपारी मला बजावून ठेवायचे, मले झोपू देऊ नको, तिकडं नारू एकटा आहे."

म्हणजे त्याला सगळं समजत होतं. लोणचंसुद्धा...

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयला हाक मारली. म्हटलं, "बोलाव तुह्या काचवाल्याले." तो हसला, "मान गए, बाबा?" "मानलं-बिनलं काही नाही. समोरची बाजू फिक्स ठेव म्हण त्याले. जाळी नको." मग सुपारी कातरली, बारीक. खुर्ची गजांपाशी ओढली. पलीकडं काचेमागं त्याची खुर्ची होती तिथंच होती. मी बोलायला लागलो, आवाज न काढता, ओठ नीट उघडून.